जाहिरात थांबवली, नोंद जपली

जुन्या वस्तूंच्या खरेदी-विक्रीचं एक छोटं संकेतस्थळ मी वसईतून चालवतो. कपाटं, सायकली, शिलाई मशीन, मोबाईल. अकरा महिन्यांच्या करारावर राहणारी कुटुंबं घर बदलताना बरंच सामान काढून टाकतात आणि नव्याने संसार मांडणारे ते घेतात. या सरळ व्यवहारांत कधीतरी फोन येतो, "दादा, तुमच्याकडे विकायला लागलेला मोबाईल माझा आहे. विरार लोकलमध्ये चोरीला गेला. त्या माणसाचा नंबर द्या."

नंबर माझ्यासमोर असतो आणि मी तो देत नाही. समोरच्याचा संताप खरा असतो. फोन गेला तरी त्याचे हप्ते चुकत नाहीत. पण जाहिरात देणारा चोर असेलच असं नाही. चोरीचा मोबाईल हात बदलत येतो आणि शेवटच्याने तो पैसे मोजून घेतलेला असतो. फोन करणारा मालक असेलच असंही नाही. चोरीचं निमित्त सांगून एखाद्या बाईचा ठावठिकाणा काढणारा माणूसही असाच कळवळून बोलू शकतो. आणि तक्रार खरी असली, तरी चिडलेली चार माणसं कुणाच्या दारात जाऊन उभी राहिली तर पुढे काय होईल ते सांगता येत नाही.

नंबर दिला नाही, तरी बरंच काही करता येतं आणि ते लगेच करावं लागतं. आधी नोंद जपायची, मग जाहिरात थांबवायची. हा क्रम उलटला तर जाहिरात दिसेनाशी झाल्याचं पाहून विकणारा खातंच काढून टाकतो. म्हणून जाहिरातीचा मजकूर, मूळ फोटो, खातं उघडल्याची आणि ओटीपीची वेळ, आयपी पत्ता हे सगळं मी वेगळं काढून कुलूपबंद ठेवतो. विकणाऱ्याला 'जाहिरात पडताळणीसाठी थांबवली आहे' इतकाच निरोप जातो. तक्रार कोणाची, हे त्यालाही कळत नाही. गोपनीयता दोघांची असते.

तक्रारदाराकडून मी बिल मागतो आणि फोटोत न दिसणारी एखादी खूण विचारतो. मग पोलीस ठाणं कोणतं ते सांगतो. गाडीत किंवा फलाटावर चोरी झाली असेल तर लोहमार्ग पोलीस. रस्त्यावर किंवा घरात झाली असेल तर मीरा-भाईंदर, वसई-विरार आयुक्तालयाचं स्थानिक ठाणं. जाहिरातीचा दुवा तक्रारीत लिहायला लावतो आणि तक्रारीत 'गहाळ' नव्हे, 'चोरी' असंच नोंदवा, असा आग्रह धरतो. तक्रारीची प्रत हातात आली की केंद्राच्या सीईआयआर पोर्टलवर फोनचा आयएमईआय क्रमांक बंद करता येतो.

पोलिसांचं पत्र आलं की माझ्या कामाचा दुसरा भाग सुरू होतो. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ९४ नुसार ठाण्याचा प्रभारी अधिकारी लेखी आदेशाने माहिती मागवू शकतो. नुसत्या व्हॉट्सअॅप संदेशावर मी काही पाठवत नाही. ठाण्याच्या दूरध्वनीवर खात्री करतो. खात्री झाली की मात्र रेंगाळत नाही. २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांत यासाठी ७२ तासांची मर्यादा आहे.

द्यायचं ते नेमकं द्यावं लागतं. माझ्या सर्व्हरचं घड्याळ आपल्या वेळेपेक्षा साडेपाच तास मागे आहे. रात्री एक वाजता टाकलेली जाहिरात तिथे आदल्या दिवशीच्या संध्याकाळी साडेसातची दिसते. मोबाईल इंटरनेटवर एकाच वेळी अनेक ग्राहक एकच आयपी पत्ता वापरतात, म्हणून सेकंदापर्यंतची वेळ आणि पोर्ट क्रमांकही लागतो. त्यात गफलत झाली तर पोलीस भलत्याच घरी पोहोचतील. सोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र द्यायचं. त्यात फाइलचं हॅश मूल्य असतं, त्यामुळे नंतर एक अक्षर बदललं तरी ते उघड होतं. त्या खात्याचे इतर ग्राहकांशी झालेले असंबद्ध संवाद मात्र मागितल्याशिवाय जात नाहीत.

२००४ मध्ये बाझी डॉट कॉम या खरेदी-विक्रीच्या संकेतस्थळावर एका वापरकर्त्याने आक्षेपार्ह चित्रफीत विक्रीला ठेवली आणि कंपनीच्या प्रमुखाला अटक झाली. पुढे माहिती तंत्रज्ञान कायद्यात दुरुस्ती होऊन कलम ७९ ने मध्यस्थांना संरक्षण दिलं. पण दक्षता पाळली तरच. चोरीचा माल आहे हे कळूनही जाहिरात चालू ठेवणाऱ्याला त्याचा आधार मागता येणार नाही.

गोपनीयता जपणं म्हणजे चोराला आडोसा देणं, असं मला ऐकवलं जातं. ते मला मान्य नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये गोपनीयता हा मूलभूत हक्क ठरवला, तो चोरीचा आरोप होताच संपत नाही. तपासासाठी त्याला मर्यादा आहे, आणि ती कायद्याने आखलेली आहे. माहिती तंत्रज्ञान नियमांनी नोंद जपण्यासाठी ठरवलेले १८० दिवस सरले आणि तपास यंत्रणेची मागणी उरली नाही, की काढून टाकलेल्या खात्याची नोंद मी पुसतो.

जुना फोन घेणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे. पैसे देण्यापूर्वी *#०६# दाबून पंधरा आकडी आयएमईआय पाहा, तो बिलाशी जुळवा आणि केंद्राच्या संचार साथी पोर्टलवर तपासा. बिल दाखवायला विकणारा टाळाटाळ करत असेल, तर कितीही स्वस्त मिळाला तरी तो फोन घेऊ नका.