अरुंद तिरका अक्षरसंच (देवनागरी)

अरुंद तिरका अक्षरसंच म्हणजे जवळपास समान जाडीच्या रेषांचा, रुंदीने आवळलेला व उजवीकडे कललेला छापील अक्षरांचा संच होय. कमी जागेत मोठी अक्षरे बसवावी लागणारे मथळे व फलक यांसाठी तो वापरतात.

रोमन लिपीतील तिरकी अक्षरे व्हेनिसचा मुद्रक आल्दुस मानुतिउस याने इ.स. १५०१ पासून ग्रंथछपाईत रूढ केली. ती तत्कालीन हस्ताक्षरावरून घडवलेली होती. देवनागरी मुद्रणात अशी परंपरा नाही. भर देण्यासाठी मराठीत ठळक ठसा किंवा अवतरणचिन्हे अधिक स्वाभाविक वाटतात.

अक्षर यांत्रिकरीत्या आवळल्यास उभे दंड बारीक होतात, शिरोरेषा मात्र पूर्वीइतकीच जाड राहून डोईजड दिसते. ते कलवल्यास दंड व काने झुकतात, शिरोरेषा आडवीच राहते आणि ‘व’, ‘ब’ यांच्या गोलाईची जाडी बिघडते. कोल्हापूर जिल्ह्यातील ‘गडहिंग्लज’ हे नाव या दृष्टीने कसोटीचे आहे. त्यातील ‘हिं’मध्ये वेलांटीची कमान व अनुस्वार शिरोरेषेवर दाटी करतात, तर ‘ह’ची वळणे आवळताच बुजू लागतात. ‘इचलकरंजी’ लांब असले तरी तुलनेने सोपे. तेथे मुख्य अडचण ‘क’च्या दोन्ही बाजूंच्या पोकळ्यांची.

इंडियन टाइप फाउंड्रीचा ‘टेको’ हा मुक्त परवान्याचा अरुंद अक्षरसंच देवनागरी व रोमन अशा दोन्ही लिपींसाठी आहे. त्यात पाच वजने आहेत, पण स्वतंत्र तिरके रूप नाही. संगणकावर दिसणारा त्याचा कल कृत्रिम असतो.