मंद प्रकाशातील छायाचित्रण आणि वेगवान लेन्स : वरळीच्या बीडीडी चाळींच्या संदर्भात

प्रस्तावना :
बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने १९२० च्या दशकात बांधलेल्या चाळी ‘बीडीडी चाळी’ या नावाने ओळखल्या जातात. त्यांपैकी १२१ इमारती एकट्या वरळीत होत्या. तळमजला व वर तीन मजले, प्रत्येक मजल्याच्या मधोमध लांब पॅसेज आणि त्याच्या दोन्ही बाजूंस १६० चौरस फुटांच्या खोल्या, अशी त्यांची रचना आहे. पॅसेज दोन्हीकडील खोल्यांमध्ये कोंडलेला असल्याने तेथे दिवसाही प्रकाश अपुरा असतो. परंतु शेजाऱ्यांचे एकत्र बसणे-बोलणे आणि मुलांचे खेळ तेथेच चालतात. पुनर्विकासात या इमारती जात असून ऑगस्ट २०२५ मध्ये ५५६ रहिवाशांना नव्या घरांचा ताबा देण्यात आला. म्हणूनच या जीवनाची छायाचित्ररूप नोंद सामाजिक इतिहासाच्या दृष्टीने महत्त्वाची ठरते. अशा नोंदीसाठी वेगवान पण जड लेन्स कितपत उपयुक्त आहे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

वेगवान लेन्सचे कार्य :
लेन्सच्या नाभीय अंतराला तिच्या छिद्राच्या व्यासाने भागले असता एफ-अंक मिळतो. ८५ मि.मी. लेन्सचे छिद्र एफ/२.८ वर सुमारे ३० मि.मी., तर एफ/१.२ वर सुमारे ७१ मि.मी. असते. त्यामुळे सेन्सरवर सुमारे ५.४ पट प्रकाश पडतो. जेथे एफ/२.८ वर १/२५ सेकंद लागतो, तेथे एफ/१.२ वर १/१२५ सेकंद पुरतो. लेन्सला ‘वेगवान’ म्हणतात ते याच अर्थाने.

हा फरक निर्णायक आहे. कॅमेरा हातात धरताना शटरचा वेग निदान नाभीय अंतराच्या व्यस्ताइतका, म्हणजे येथे सुमारे १/१०० सेकंद असावा, असा संकेत आहे. कंपनरोधक यंत्रणा हाताचा थरथराट सावरते. धावणाऱ्या मुलाची हालचाल ती थांबवू शकत नाही. अरुंद पॅसेजमध्ये ट्रायपॉड येण्याजाण्याच्या वाटेत येतो. फ्लॅशमुळे जवळचा चेहरा उजळतो, मागचा भाग काळवंडतो आणि दारातल्या दिव्याचा मूळ प्रकाश नाहीसा होतो.

मर्यादा :
पहिली मर्यादा वजनाची. कॅननची २००६ सालची ८५ मि.मी. एफ/१.२ लेन्स १०२५ ग्रॅमची आहे; त्याच कंपनीची एफ/१.८ लेन्स सुमारे ४२५ ग्रॅमची. म्हणजे सव्वादोन पट प्रकाशासाठी जवळजवळ अडीच पट वजन पेलावे लागते. जडपणामुळे सूक्ष्म कंप काहीसा कमी होतो. मात्र हात थकल्यावर तो वाढतो. डावा तळवा लेन्सखाली ठेवणे, कोपरे अंगाशी घेणे, भिंतीला टेकणे आणि श्वास सोडताना बटण दाबणे हे त्यावरील साधे उपाय होत.

दुसरी मर्यादा अधिक गंभीर आहे. पूर्ण आकाराच्या सेन्सरवर, तीन मीटर अंतरावरून, एफ/१.२ वर स्पष्ट दिसणारा पट्टा जेमतेम ९ सें.मी. असतो, एफ/२.८ वर तो सुमारे २१ सें.मी. होतो. स्टॅन्ली कुब्रिक यांच्या ‘बॅरी लिंडन’ (१९७५) या चित्रपटात मेणबत्तीच्या उजेडातील दृश्यांसाठी एफ/०.७ लेन्स वापरली गेली, तेव्हा याच कारणाने नटांच्या हालचालींवर बंधने आली. चाळीतील माणसांना असे बांधून ठेवता येत नाही. उंबऱ्यावर पुढेमागे बसलेल्या दोघींपैकी एकच स्पष्ट येते. मागची भांडी, दारावरची पाटी पुसट होते. व्यक्तिचित्रात हे शोभते. दस्तऐवजात मात्र तो पुराव्याचा ऱ्हास असतो.

निष्कर्ष :
वेगवान लेन्स वेळ मिळवून देते, पण खोली हिरावून घेते. म्हणून एकाच चेहऱ्यासाठी एफ/१.२ वापरावे. समूह व परिसर यांसाठी एफ/२.८ ठेवून आयएसओ ८०० वरून सुमारे ४००० पर्यंत वाढवावा. खोलीच्या आत ३५ मि.मी. लेन्स अधिक सोयीची. तिचे दृश्यक्षेत्र मोठे असते व तिला मंद शटरही चालते. आयएसओ वाढल्याने येणारे कण पुढे काही अंशी कमी करता येतात; हललेले वा पुसट झालेले तपशील परत मिळवता येत नाहीत. इमारत पाडल्यानंतर तेच छायाचित्र पुन्हा घेण्याची संधीही उरत नाही.