भिंत रंगवण्याआधी

गुरुजी, शाळेची भिंत चितारायला तरुण मंडळाची पोरं हौसेनं येतात. पण एका पावसात रंग गळाला, की पुन्हा फिरकत नाहीत. आपल्या श्रीरामपूरच्या कालवा-पट्ट्यात आधी भिंतीचा लोणा पाहा. भंडारदऱ्याचं धरण १९२६ साली पुरं झालं, प्रवरेच्या पाण्यावर ऊस पिकला, अन् सखल रानं खारवटली. अशा जागी ओल विटांतून चढते, पाणी सुकतं, उरलेला क्षार रंग फोडतो.

तेव्हा लोणा कोरड्या कुंच्यानं झाडा. धुऊ नका, विरघळून आत जिरेल. तेलरंग नकोच, ओल कोंडते. चुन्यातच गेरू, पिवडी कालवा. (चुना मात्र मोठ्यांनी विरवावा, डोळ्यांना धोका!) काय काढायचं ते पोरांना ठरवू द्या. चित्र ओलीच्या रेघेवर घ्या. खालच्या पट्ट्याला पोरांनीच दरसाल दिवाळीआधी चुना द्यावा.