रिपोर्टमधला वजाबाकीचा आकडा

दर पावसाळ्यात सायनस, मागोमाग न्यूमोनिया. घरचे म्हणत, 'हिची प्रकृतीच नाजूक.' चाळिशीत एका डॉक्टरीणबाईंनी माझे जुने लिव्हरचे रिपोर्ट मागवले. एकूण प्रथिनांतून अल्ब्युमिन वजा केलं की उरतं ग्लोब्युलिन. अँटिबॉडी त्यातच असतात. माझं कायम कमी, आणि तिकडे कोणाचं लक्षच नाही! मूत्रपिंडातून प्रथिनं जात नाहीत ना, हे आधी तपासलं. मग आयजीजी, आयजीए, आयजीएम या अँटिबॉडी मोजल्या. लस देऊन अँटिबॉडी तयार होतात का, तेही पाहिलं. निदान झालं: सीव्हीआयडी, म्हणजे शरीरात पुरेशा अँटिबॉडी न बनण्याचा आजार. प्रतिकारशक्तीचा जन्मजात दोष लहान मुलांतच शोधायचा, ही सवय घातक. हा आजार बहुधा विशी ते चाळिशीत कळतो. सदोष जनुक मात्र पुष्कळांत सापडतच नाही. आता दर महिन्याला शिरेतून इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे तयार अँटिबॉडी, घेते. महागडं प्रकरण आहे.