वर्गातला आवाज तुटतोय? नवीन साउंड कार्ड घेण्याआधी हे तपासा



टीव्हीला रास्पबेरी पाय जोडला की कमी खर्चात, कमी विजेवर चालणारा लिनक्स संगणक वर्गात तयार होतो. रास्पबेरी पाय ५ ला हेडफोनचं छिद्रच नाही. म्हणून आपण छोटं यूएसबी साउंड कार्ड लावून स्पीकर जोडतो. आणि मग कविता सुरू असताना मध्येच टक्‌-टक्‌ होतं, शब्द तुटतो.

याकडे दुर्लक्ष का करू नये? 'पाऊल' या शब्दातला 'ऊ' गेला तर 'पाल' ऐकू येतं. घरी मराठी बोलणारं मूल अंदाजाने समजून घेतं. पण देगलूर-धर्माबादकडचं तेलुगू बोलणारं, उदगीरकडचं कन्नड बोलणारं किंवा किनवटचं गोंडी बोलणारं मूल जे कानावर पडलं तेच शिकतं.

आवाज का तुटतो?

पंगत आठवा. वाढपी वेळेवर आला तर ताट रिकामं होत नाही. आवाजाचंही तसंच. एका सेकंदाला ४८,००० नमुने लागतात. साध्या यूएसबी कार्डाला ते दर मिलिसेकंदाला ४८ असे थोडे थोडे पोहोचतात. संगणकाला उशीर झाला की ताट रिकामं, म्हणजे आवाजात खंड. शिवाय वाटेत हरवलेला घास यूएसबी पुन्हा वाढत नाही.

आधी आवाज ओळखा

- टक्‌-टक्‌, तुटणं : खालचे उपाय क्रमाने करा.
- सतत घूंऽऽ : कार्डाला थेट हेडफोन लावून ऐका. त्यात आवाज स्वच्छ असेल तर दोष ॲम्प्लिफायरच्या वायरचा किंवा अर्थिंगचा आहे.
- फाटका आवाज : व्हीएलसीचा आवाज १०० टक्क्यांच्या वर नेऊ नका. वाढवायचा तर स्पीकरवर वाढवा.

उपाय, याच क्रमाने

१) वीज. पडद्याच्या कोपऱ्यात विजेचं चिन्ह दिसतं का बघा. पायला मिळणारा दाब साधारण ४.६३ व्होल्टच्या खाली गेला की ते दिसतं, आणि संगणक स्वतःचा वेग कमी करतो. आपल्याकडे लाइट कमी-जास्त होते म्हणून सगळा दोष तिला दिला जातो. पण चांगल्या अडॅप्टरवर १००-२४० व्होल्ट लिहिलेलं असतं, तो ते सांभाळतो. खरा दोष बहुतेक वेळा मोबाईलच्या चार्जरचा आणि बारीक, लांब केबलचा असतो. पाय ३ ला २.५ अँपिअर, पाय ४ ला ३ अँपिअर आणि पाय ५ ला ५ अँपिअरचा अडॅप्टर लागतो.

२) गर्दी. पाय ३ मध्ये चारही यूएसबी पोर्ट आणि इंटरनेटची वायर एकाच वाटेने जातात. पेन ड्राइव्हवरून गाणं, वायरने इंटरनेट आणि साउंड कार्ड एकाच वेळी चाललं की कोंडी होते. फाईल आधी मेमरी कार्डवर कॉपी करा, पेन ड्राइव्ह काढा, मगच वाजवा. पाय ४ मध्ये इंटरनेटची वाट वेगळी आहे.

३) हब. यूएसबी हब वापरायचाच असेल तर स्वतःचा अडॅप्टर असलेला घ्या. पाय ४ चे सगळे यूएसबी पोर्ट मिळून १.२ अँपिअरच देऊ शकतात.

४) कामाचा ताण. ब्राउझरच्या उघड्या खिडक्या बंद करा. व्हिडिओची गरज नसेल तर फक्त ऑडिओ फाईल वाजवा.

५) शेवटी कार्ड. ते दुसऱ्या संगणकाला लावून पाहा. तिथेही आवाज तुटला तरच नवीन घ्या.

एक पथ्य पाळा. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि दर वेळी तीच एक मिनिटाची फाईल वाजवा. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर नेमकं कशाने बरं झालं ते कळणार नाही. चौथी-पाचवीच्या मुलांना सोबत घ्या. किती वेळा टक्‌ झालं ते त्यांना मोजून फळ्यावर लिहू द्या. दुरुस्तीही होईल आणि प्रयोग कसा करतात हेही मुलं शिकतील.