मधाविना 'याकग्वा' : कोरियाची मिठाई, श्रावकाची मर्यादा

जामखेडसारख्या बाजारगावातील व्यापारी घरांत मिठाईची परंपरा जुनी आहे. दिवाळीची शंकरपाळी, लग्नातली बालुशाही आणि पाहुण्यांसाठी राखून ठेवलेली गुळपापडी आजही घरच्या तुपात होते. आता या घरांतील मुले-मुली कोरियन मालिका पाहू लागली आहेत आणि त्यांत दिसणारी फुलाच्या आकाराची, पाकात मुरलेली तपकिरी मिठाई आपल्याही घरी व्हावी, असा आग्रह धरू लागली आहेत. या मिठाईचे नाव 'याकग्वा'. अडचण एकच आहे : तिचा प्राण मध मानला जातो, आणि मध श्रावकाला वर्ज्य.

कोरियन भाषेत 'याक' म्हणजे औषध आणि 'ग्वा' म्हणजे मिष्टान्न. मधाला तेथे औषधी मानले जाई, म्हणून हे नाव पडले. गव्हाचे पीठ, तिळाचे तेल, मध, आल्याचा रस आणि तांदळाचे मद्य यांची कणीक मळून ती तळतात व पाकात मुरवतात. गोर्यो राजवटीत (918 ते 1392) बौद्ध विधींत आणि मेजवान्यांत अशा तळलेल्या मिठायांना मोठा मान होता. कोरियात गहू दुर्मीळ होता, मध आणि तेलही महाग. मिठाईच्या हौसेपायी धान्य, मध व तेल यांचे भाव वाढू लागले, तेव्हा 1192 मध्ये आणि पुन्हा 1353 मध्ये राजाज्ञेने अशा मिठायांवर बंदी घालावी लागली. मागणी वाढली की भाव चढतो, हे व्यापाऱ्याला वेगळे सांगावे लागत नाही.

आता मुख्य प्रश्नाकडे वळू. मद्य, मांस, मध आणि लोणी या चार महाविगयांत मधाची गणना होते. पोळ्यातील जीवांची हिंसा हे त्याचे कारण. म्हणजे मूळ याकग्वात मध आणि मद्य या दोन महाविगय येतात, शिवाय ओले आले हे जमीकंद. बाजारातील पाकीट घेतानाही सावध राहावे लागते. आपल्या देशातील अन्ननियमांनुसार मध 'मांसाहारी' या व्याख्येत येत नाही, त्यामुळे मध असलेल्या पदार्थावरही हिरवी खूण असू शकते. हिरवी खूण पाहून निश्चिंत होणे जैन घराला पुरेसे नाही; घटकांची यादी वाचलीच पाहिजे.

मग मध काढला तर याकग्वा उरतो का? उरतो. खुद्द कोरियातही मधाऐवजी 'जोचोंग' नावाचा, तांदूळ आणि अंकुरित जवापासून केलेला धान्याचा पाक सर्रास वापरतात. आपल्याकडे ते काम गूळ उत्तम करतो. आल्याची जागा सुंठ घेते, तिळाच्या तेलाची जागा साजूक तूप. मद्यामुळे कणीक चिवट होत नाही; ते साधायचे असेल तर पाणी बेताने वापरावे आणि कणीक मळू नये.

कृती अशी. अडीचशे ग्रॅम मैद्यात चिमूटभर मीठ व अर्धा चमचा सुंठपूड मिसळावी. पन्नास ग्रॅम पातळ तुपाचे मोहन घालून पीठ दोन्ही हातांनी चोळावे आणि चाळणीतून काढावे. गाळलेला, थंड केलेला गुळाचा पाक साठ ग्रॅम आणि थोडे थोडे पाणी घालून गोळा केवळ जमवावा. तो लाटून, दोन तुकडे करून एकावर एक ठेवावेत व पुन्हा लाटावे. असे तीनदा केले की पदर सुटतात. सुमारे एक सेंटिमीटर जाडीच्या वड्या कापून प्रत्येकीच्या मध्यभागी काडीने छिद्र पाडावे.

खरी परीक्षा तळणीची. बालुशाहीप्रमाणेच येथे घाई चालत नाही. तूप आधी अगदी कोमट-गरम, साधारण 110 ते 120 अंश असावे. वड्या सावकाश वर येतात आणि पदर उलगडतात. त्यानंतर आच वाढवून 140 ते 150 अंशांवर बदामी रंग येऊ द्यावा. आच सुरुवातीलाच मोठी असेल, तर बाहेरून करपते आणि आतून कच्चे राहते.

तीनशे ग्रॅम गूळ दीडशे मिलिलिटर पाण्यात उकळून गाळावा. त्यात दालचिनीचा तुकडा, सुंठ व वेलची घालून पाक एकतारीच्या अलीकडे उतरवावा. निथळलेल्या वड्या कोमट पाकात दोन-तीन तास मुरू द्याव्यात. सकाळी आरंभ केला, तर सूर्यास्तापूर्वी सर्वांच्या ताटात पडतात. वरून कोरियातील चिलगोज्याऐवजी चारोळी शोभते. पाकाचा ओलावा राहत असल्याने कोरड्या मिठाईची कालमर्यादा (हिवाळ्यात 30, उन्हाळ्यात 20, पावसाळ्यात 15 दिवस) येथे लावू नये. लागेल तेवढीच करावी आणि ताजी संपवावी.

परदेशी पदार्थाला सरसकट 'नाही' म्हटले, तर मुले तो बाहेर, न विचारता खातात. घटक समजावून, काय काढले आणि का काढले हे सांगून तोच पदार्थ घरच्या कढईत केला, तर चवीबरोबर विवेकही त्यांच्या हाती लागतो. पाकिटावरची बारीक अक्षरे वाचण्याची सवय एकदा जडली की ती परगावी शिक्षणाला गेल्यावरही सुटत नाही.