घराण्याचे वळण

बारशाच्या दिवशी पाळण्याभोवती जमलेल्या मंडळींचा पहिला उद्योग म्हणजे बाळाच्या अवयवांची वाटणी करणे. नाक आत्याचे, कपाळ आजोबांचे, कानाच्या पाळ्या मामाच्या, असा निवाडा तासाभरात होतो आणि त्यावर कोणी अपील करीत नाही. पुढे मूल वाढू लागले की हीच वाटणी गुणांची सुरू होते. मी जन्मभर शाळेत शिकविले आणि घरी दोन मुलगे वाढविले. ह्या वाटणीत माझाही हात आहे. ती किती एकांगी असते हे कळावयास मात्र साठी उलटावी लागली.

आमच्या घराण्यास पाठांतराचा मोठा अभिमान. आजोबा अमरकोशाची तिन्ही कांडे सत्तरीतही अडखळल्यावाचून म्हणत. वडिलांनी तो वारसा राखला, माझ्याकडे त्यातला बराचसा आला, आणि माझ्या थोरल्या मुलाला तर दोनदा ऐकलेला श्लोक तिसऱ्यांदा ऐकावा लागत नसे. ‘खाण तशी माती’ ही म्हण त्या काळी माझ्या तोंडी फार वेळा आली असेल.

धाकट्याची गोष्ट निराळी. मी त्यालाही पहाटे उठवून रूपावली घेऊन बसवीत असे. ‘राम’ शब्द चालविताना तो तृतीयेपाशी घोटाळे, आणि नजर भिंतीवरच्या लंबकाच्या घड्याळाकडे लागलेली असे. ते घड्याळ कित्येक महिने बंद होते. दहाव्या वर्षी त्याने ते खाली काढले, उघडले आणि चालू केले. मी शाळेतून घरी आलो तो ठोके पडत होते. कौतुक करावयाचे सोडून मी म्हणालो, “हे लोहारकाम आमच्या घराण्यात आले कोठून, कोण जाणे!”

सौ. ताक घुसळीत होती. रवी न थांबविता ती म्हणाली, “माझ्या माहेरी कधी चार दिवस राहिला असतात, तर हे विचारले नसतेत.”

माझे सासरे भिक्षुक. परंतु पंचक्रोशीतील भजनी मंडळांच्या पेट्या दुरुस्तीसाठी त्यांच्याकडे येत. फाटलेला भाता सांधणे, बिघडलेला सूर कानशीने हलक्या हाताने घासून जागेवर आणणे, हे त्यांनी कोणाकडे न शिकता साधले होते. ही गोष्ट मी ऐकून होतो. तिचा माझ्या मुलाशी काही संबंध असेल, हे मात्र कधी मनात आले नाही. आमच्या कुलवृत्तांतात बारा पिढ्यांची नावे आहेत. सुनांची नावे आहेत, त्यांच्या माहेरचे गाव आहे. त्यांनी बरोबर काय आणले ह्याविषयी एक अक्षर नाही.

ह्या दृष्टीला जुना आधार आहे. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात स्त्रीला क्षेत्र व पुरुषाला बीज म्हटले असून बीजाकडे श्रेष्ठत्व दिले आहे. उपमा शेतीची खरी, परंतु सृष्टीचा व्यवहार तसा नाही. ग्रेगोर मेंडेल ह्याने मठाच्या बागेत वाटाण्यावर वर्षानुवर्षे प्रयोग करून १८६६ साली आपला निबंध प्रसिद्ध केला. संततीत उभयतांचा वाटा सारखाच असतो आणि एका पिढीत लोपलेला गुण पुढच्या पिढीत पुन्हा प्रकट होऊ शकतो, हे त्यातून दिसले. मनुष्याच्या पेशीत गुणसूत्रांच्या तेवीस जोड्या असतात. प्रत्येक जोडीतले एक आईकडून येते, एक बापाकडून. म्हणजे बीजाचा अर्धा भाग आईचाच. अर्थात हस्तकौशल्य हा वाटाण्याच्या रंगासारखा साधा गुण नव्हे. त्याच्या मुळाशी अनेक घटक असतात, आणि शिवाय घरच्या वळणाचा हात असतो.

हे वळण काय करते, ते कर्वे कुटुंबात पाहावे. धोंडो केशव कर्वे ह्यांनी १८९३ साली विधवेशी विवाह करून लोकांचा रोष पत्करला, आणि १९१६ साली महिला विद्यापीठ स्थापिले. त्यांचे थोरले चिरंजीव रघुनाथराव ह्यांनी १९२७ पासून १९५३ साली मृत्यू येईतो ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालविले. खटले सोसले, पण संततिनियमनाचा विषय सोडला नाही. इरावतीबाई तर त्या घरच्या सून. ब्रह्मदेशात जन्मलेल्या, पुण्यास रँग्लर परांजपे ह्यांच्या घरी वाढलेल्या. त्यांनीही ‘युगान्ता’त महाभारतातील पूज्य पात्रांना निर्भीडपणे प्रश्न विचारले. बुद्धीला पटले ते लोकनिंदेस न भिता करावयाचे, हा गुण तिघांतही दिसतो. त्यात रक्ताचा भाग किती आणि सहवासाचा किती, ह्याची वाटणी कोण करणार?

परंतु गुण जर असे घरात मुरतात, तर दोष का मुरू नयेत? आमच्या वाटणीत एक जिन्नस आम्ही कधी धरला नव्हता. राग आला की आमच्या घरचे पुरुष बोलणे टाकतात. आजोबा सख्ख्या भावाच्या पंक्तीस सात वर्षे जेवले, पण त्याच्याशी बोलले नाहीत. वडिलांनी एक सबंध चातुर्मास माझ्याशी अबोला धरला. धाकट्याने महाविद्यालय सोडून यंत्रशिक्षणाची वाट धरली, तेव्हा मी अकरा महिने त्याच्याशी एक शब्द बोललो नाही. पानात काय वाढू, हे सौ. आम्हां दोघांना वेगवेगळे विचारी. ह्याला आम्ही मानीपणा म्हणत आलो.

गेल्या दिवाळीत थोरल्याचा नऊ वर्षांचा मुलगा काकावर रुसला. अंगणातल्या किल्ल्याचा बुरूज काकाने न विचारता हलविला, एवढेच निमित्त. पोर जेवले, निजले, पण बोलले नाही. दुसऱ्या दिवशीही तेच. सारे घर कौतुकाने हसले, “अगदी आजोबांवर गेला!” मला हसू आले नाही. त्याच्या मिटलेल्या ओठांत मला ती सात वर्षे, तो चातुर्मास आणि ते अकरा महिने दिसले.

मी त्याच्याशेजारी पायरीवर बसलो व म्हणालो, “बाळ, माझ्याकडून घ्यावयाचे तर श्लोक घे. हे घेऊ नकोस. ह्यापायी मी तुझ्या काकाचे जवळजवळ एक वर्ष फुकट घालविले. चूक माझी होती.”

तो बोलला नाही. धाकटा पलीकडे आकाशकंदिलाची तार जोडीत होता. त्याने ऐकले असावे. त्याच्यासमोर ही कबुली मी प्रथमच देत होतो. थोड्या वेळाने तो खाली मान घालूनच म्हणाला, “अण्णा, जरा हे टोक धरता का?” मी धरले. हळूहळू पोरही जवळ सरकले, आणि दिवा कोठे बसवावयाचा ते काकाला विचारू लागले.

वाचकहो, पाळण्यातल्या नाकाकपाळाची वाटणी खुशाल करावी. गुणांची करताना मात्र सुनेच्या माहेराचाही हिशेब धरावा, आणि दोष दिसला तर त्याला घराण्याचे वळण म्हणून गौरवू नये. नाक बदलता येत नाही. आपण होऊन आधी बोलणे, एवढे तर आपल्या हाती आहे.

कुलवृत्तांताच्या आमच्या प्रतीत मी सौ.च्या नावापुढे शाईने एक ओळ लिहून ठेविली आहे : वडील पेट्या उत्तम दुरुस्त करीत, तो हात धाकट्या नातवाकडे आला.